बहात्तरचं आंबवण

केजच्या बाजारात आमच्या सोसायटीला लोक अजून ‘बायांची भट्टी’ म्हणतात. म्हणोत बापडे. परवान्यासाठी सचिव म्हणून मी चपला झिजवल्या, तेव्हा टोमणे मारणारे कुठं होते? ज्वारीला मोड आणून आम्ही बिअर करतो. त्यात सगळ्यात जास्त खपते तिचं नाव ‘बहात्तर’. त्या सालच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांनी रेशनच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, पिठाची पातळ, आंबट आंबील पिऊन दिवस काढले. तीच चव या बिअरला आहे, आणि ती आली साखराबाईंच्या मडक्यातून.

साखराबाई मेंढपाळाच्या घरातल्या. त्या दुष्काळात मेंढ्या गेल्या, पण सासूनं दिलेलं आंबवणाचं मडकं त्यांनी जपलं. आंबील काढताना तळाशी थोडी राखायची आणि त्यातच नवं पीठ कालवायचं. मडकं कधी पुरतं रिकामं करायचं नाही. नवी टाकी लावताना आम्ही त्यातलं तांब्याभर आंबवण घालायचो आणि दुसऱ्या दिवशी टाकीत फेस चढायचा. मी एरवी कुठंही हात जोडणारा माणूस नाही, पण त्या फेसापुढे जोडावेसे वाटायचे.

मग पुन्हा दुष्काळ पडला. गाव टँकरवर असताना बिअर करायची नाही, असं सभासद बायांनीच ठरवलं. टाक्या कोरड्या पडल्या. आंबवण तेवढं साखराबाईंच्या घरी होतं. घटस्थापनेच्या तोंडावर एकदाचा टँकर आला आणि त्यांची सून कौशल्याबाई हिनं नवरात्रासाठी घरातली सगळी भांडी घासून काढली. ते मडकंही, राखेनं, आतून-बाहेरून.

मी डोक्याला हात लावला. आंबवण गेलं म्हणजे ‘बहात्तर’ गेली. मग आमच्यात आणि कुठल्याही बिअरवाल्यात फरक काय राहिला? कौशल्याबाई हुंदके देत होती.

“रडतीस कावून?” साखराबाई तिला म्हणाल्या. “सणाला भांडी घासायचीच असत्यात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लिंबागणेशला चला. भिमाबाईकडं असंल. खडीवर माझ्यासंगं व्हती.”

काळीपिवळी जीपमध्ये रिकामं मडकं मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. न राहवून मी विचारलं, “देतील ना त्या?”

“तिच्या जागी मी असते, तर दिलं नसतं.”

भिमाबाई दारातच बसल्या होत्या. मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. साखराबाईंनी काय झालं ते सांगितलं, मडकं उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं आणि स्वतः मागं सरल्या.

“वरून वत,” त्या म्हणाल्या.

मला काही उमजेना. भिमाबाईंना उमजलं.

“खडीवर मी तुज्याकडं आंबवण मागितलं, तवा तू असंच वरून वतलं व्हतंस. भांड्याला भांडं लागू दिलं न्हाईस. निम्मं मातीत गेलं. उरलं ते मी आजवर जितं ठेवलंय.”

“व्हय. म्हणून म्हणते, वत.”

भिमाबाई आत गेल्या त्या लवकर येईनात. अखेर त्या आपलं मडकं घेऊन आल्या, खाली बसल्या, काठाला काठ टेकवला आणि सावकाश ओतलं. थेंबही सांडला नाही. त्या पांढुरक्या पातळ पिठावर बारीक बुडबुडे येत होते. मातीत जाता जाता वाचलेलं ते आंबवण या घरानं इतकी वर्षं मरू दिलं नव्हतं.

“तुमच्या बिअरला मी शिवायची न्हाई, पंचशील पाळते,” भिमाबाई मला बजावून म्हणाल्या. “पर हे मरू द्यायचं न्हाई.”

साखराबाईंनी मडकं माझ्या हातात दिलं. मग त्या उंबरा ओलांडून आत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

“तहान लागली गं. पाणी दे.”

रांजणाच्या तळाशी गेलेल्या टँकरच्या पाण्यातून भिमाबाईंनी तांब्या भरून दिला. साखराबाईंनी तो तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळा प्यायल्या.