जवाई, मशीन आणि ओसरीतला बल्ब

मला इंजिनातलं कळतं. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी सासुरवाडी कारध्याची. मी नदीच्या अलीकडे भंडाऱ्यात राहतो आणि एका कचेरीत फायली सरकवतो. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, गवत कापायचं छोटं पेट्रोलचं मशीन घेतलं होतं, ते बंद पडलं. इकडे मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलेला आणि अंगणात गुडघाभर गवत! मामाजींनी धार लावायला विळे काढले, तेव्हा मी भर पंगतीत जाहीर केलं, "विळ्याला कोणी हात लावायचा नाही! मशीन मी उघडतो."

"घरचा मिक्सर उघडला होता, आठोते का?" बायको कानाशी पुटपुटली. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मोबाईलवर व्हिडिओ बघत मी इंजिन पार सुटं केलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर धुतला आणि सगळं परत बसवलं. शेवटी दोन स्क्रू उरले. (बनवणाऱ्याने जास्तीचे दिले असणार!)

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी आठला सगळ्या घरादारासमोर मी मशीनची दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं! माझी छाती फुगली. तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन धावत आल्या.

"थांबवा जवाई! कुकू तं लावू द्या!"

मी ऐटीत बटण दुसऱ्या बाजूला ढकललं. इंजिन थांबलं. कुंकू लागलं, नारळ फुटला. मी पुन्हा दोरी ओढली, तर फुर्र... फुस्स!

बटण पाहिलं. ते वर होतं. वर म्हणजे चालू, हे मशीन उघडायच्या आधीपासून मला पाठ होतं. म्हणजे बटण ठीक! मग प्लग काढला, पुसला, चुलीजवळ शेकला. चोक दिला, चोक काढला. पेट्रोल ओतून नवं भरलं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली.

"अवो, नऊ वाजले!" बायको ओरडली. "मांडववाले येऊन राहिले!"

"मग मी काय झोपलोय का?"

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जवाई चुकला, असं सासुरवाडीत कोणी म्हणत नाही. साठी ओलांडलेले मामाजी माझ्या पाया पडतात. (मला फार अवघडल्यासारखं होतं, पण पाय काही मी मागे घेत नाही.) त्यामुळे मामाजी नुसते मशीनभोवती घिरट्या घालत होते. एकदा बटणाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि मग खाकरायचे.

"मामाजी, काही म्हणालात?"

"नाई जवाई. तुमी पानी प्या."

दहा वाजता त्यांना राहवेना. ते माझ्याच बाजूला उभे राहून माझ्या बायकोवर खेकसले, "काहून वं वैशू! बटन उलटं बसवलं तं बल्ब लागन का? सांग न! लागन का?"

बायको बिचारी गोंधळली. "कोनता बल्ब, बाबा?"

"कोनताई! बटनच उलटं असलं तं मानसानं कितीई वढावं, काय फायदा?"

लेकी बोले सुने लागे म्हणतात. पण इथे सून नव्हती, मी होतो. मला वाटलं, ओसरीतल्या बल्बचं बटण खरोखरच बिघडलंय. मामाजींना आपली गरज आहे! मी लगेच पेचकस घेतला, ओसरीत गेलो, बोर्ड उघडला, बटण काढून उलटं करून बसवलं, उरलेली एक वायर आत कोंबली आणि घाम पुसत परत आलो.

"झालं मामाजी! बल्बची काळजी सोडा."

मामाजींनी कपाळाला हात लावला आणि तोच हात घाईघाईने नमस्काराला जोडला.

पुढचा तासभर मी मान खाली घालून इंजिनाशी झुंजत होतो. मागे सर्र सर्र आवाज येत होता, पण मला मान वर करायला फुरसत कुठे होती! अकराला पाहुणे उतरले. लाजेने माझे कान तापले. मेहुणीच्या साक्षगंधाला माझ्यामुळे पाहुणे गवतात बसणार! इतक्यात होणारा नवरदेव माझ्याजवळ वाकला आणि सहज म्हणाला, "भाऊ, हे बटन उलटं नाई का बसलं?"

तो बोलू शकत होता. तोही जवाईच ना! मामाजी एकदम आभाळाकडे बघू लागले.

मी बटण खाली केलं आणि दोरी ओढली. इंजिन धडधडलं! मी मशीन उचलून विजयाने वळलो, तर अंगण स्वच्छ. शेजारपाजारच्या बाया विळे पदराआड लपवून उभ्या होत्या. तुळशीमागे मात्र चटईएवढं गवत तसंच होतं.

"तेवढं तुमच्या हातानं व्हावं म्हून राखलं, जवाई," मामाजी म्हणाले.

मी ते कापलं. अर्धं मिनिट लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि, खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा कारध्याला गेलो, तर ओसरीत दिवसाही अंधार. "मामाजी, इथला बल्ब का लागत नाही?" मी विचारलं.

मामाजींनी सवयीने माझ्या हातातली पिशवी आधी तपासली, पेचकस नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "राहू द्या जवाई. तसाबी तो उजेड डोयाले लागतच होता."