पावण्याला आधी पाणी

भोरच्या एसटी स्टँडमागे एका गृहस्थांचा सायबर कॅफे होता. कुणी चपला घालून आत आलं, तर ते नुसते पायांकडे बघत राहत. मी कथा लिहितो; माझी वेबसाइट त्यांनीच केली. मी आंबवड्याहून पिशवी भरून नेली होती: परिचय, पुरस्कार, सत्काराचे फोटो. ते सगळं बघून त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"समजा, मी पावणा हाय. तुमच्या दारात आलो. आल्या आल्या सत्काराचे फोटू दावता व्हय? आदी पाणी द्या."

"वेबसाइटवर पाणी कुठून देऊ?" मी वैतागलो.

"गोष्ट द्या की एखादी. पुरी."

मी माझा कथासंग्रह त्यांच्याकडे ठेवून आलो. पुढच्या आठवड्यात बघतो तर वेबसाइटच्या पहिल्याच पानावर एक कथा, त्यांनी स्वतः टाइप केलेली. फोटो पार मागे गेले होते. कथा मात्र संग्रहातली सगळ्यांत लहान, मला स्वतःला फारशी न आवडणारी.

"हीच का घेतली?"

रुमालाने माउस पुसत ते म्हणाले, "हीच पुरी वाचून झाली, सर."

बाकीच्या त्यांनी कुठं कुठं सोडल्या, हे जाणून घ्यायची मला अजून फार उत्सुकता आहे. विचारायचा धीर होत नाही.