परत आलेला नारळ

मी आठवीपर्यंत शिकलेली, पण भरती-ओहोटी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या खाडीवर लहान पोरंपण सांगायची, पौर्णिमेला दुपारी बाराला पाणी भरणार, मग उतरणार. नवऱ्याला कंपनीनं जर्मनीला, ब्रेमेनला पाठवलं, त्या पहिल्याच वर्षी नारळी पौर्णिमा सुट्टीच्या दिवशी आली आणि मी हट्टच धरला, समुद्राला नारळ द्यायचाच.

ट्रेन, मग बस. बांधापलीकडं खारं गवत, करडा चिखल, चिखलात चोच खुपसणारे पक्षी, आणि पुढं पाणी. माहेरीच आल्यासारखं झालं मला. एक वाजून गेलेला. "आता उतरणारच," म्हटलं, आणि दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन ओहळ ओलांडून पुढच्या वाळूवर गेले. हे बांधावर बसले.

नारळ टाकला. परत आला. जोरात टाकला, पुन्हा पायाशी. लेक टाळ्या वाजवतेय. आमच्याकडं नारळ परत येत नाही हो, ओहोटी नेते त्याला. तेव्हा कुठं डोक्यात आलं, पाणी चढतंय! मागं बघते तर मघाचा घोट्याएवढा ओहळ केवढा झालेला. लेकीला खांद्यावर घेतलं, आत शिरले तर कमरेपर्यंत पाणी, चिखल पाय सोडेना, रडूपण येईना. पलीकडून ह्यांनी हात धरून ओढलं.

"आता उतरणारच म्हणे!" हे म्हणाले, आणि लेकीला माझ्या खांद्यावरून स्वतःकडं घेतलं.

जवळच्या घरातली म्हातारी धावत आली, लेकीला आपल्या स्वेटरात गुंडाळलं, मला झापलं. ह्यांना थोडं जर्मन यायचं. "ती म्हणते, हिला भरतीचं वेळापत्रक द्या कुणीतरी."

मग बांधावरच कॉफी आणून देऊन सांगत बसली, हे मला मराठीत सांगत गेले. पूर्वी इथून व्यापाऱ्यांची गलबतं आइसलँडला जायची, पीठ नि कापड देऊन मासे आणायची, काठ्यांवर टांगून वाऱ्यावर वाळवलेले.

"बोंबलासारखे!" ओल्या कपड्यांत मी हसले. आईची बोंबील लावलेली वलांडी दिसली, तो वासच आला नाकात.

"तिकडं पोचल्यावर आमची माणसं आधी विचारायची, पाणी कधी फिरतं," म्हातारी म्हणाली. "तूपण विचारायचंस."

नारळ बांधाच्या दगडांना येऊन लागला होता.

"चल, घरी चटणी करू," हे म्हणाले.

"अहो, दिलेलं परत घेतात का!"

तीनच्या सुमाराला म्हातारीनं बोट दाखवलं. पाणी फिरलं होतं. ह्यांनी दगडांतून नारळ काढून दिला, मी बांधावरूनच टाकला, खाली उतरायची हिंमत नव्हती. जरा घुटमळला, मग निघाला.