जमनाताईचं "चालेल"

फुग्याच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या बाईच्या अंगावर दोन गोष्टी कायम असतात, पांढरी पावडर आणि किस्से. पावडर घरी जाऊन धुता येते. किस्से कुठे धुणार? मसोलीच्या आमच्या फॅक्टरीतले माझ्याकडे इतके साठलेत, की नवरा विचारतो, "तू कामाला जातेस की गप्पांना?" दोन्हीला जाते, त्याचं काय? आज फक्त जमनाताईचे सांगते. बाकीचे सांगायला बसले तर भात करपेल.

जमनाताई नरपडची. नवरा गेलेला, घरी सासू आणि नर्सिंग शिकणारी मुलगी. सगळं घर हिच्या पगारावर. त्यात हिला शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. आमच्याकडे ती चेकर होती. म्हणजे प्रत्येक फुगा दोन्ही हातांनी ताणायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा आणि छिद्र दिसलं, छपाई वाकडी दिसली की टोपलीत. "रिजेक्ट." दिवसभर हाच एक शब्द.

एकदा शेठनी नातवाच्या वाढदिवसाला आपल्याच फॅक्टरीतले फुगे मागवले. गाडी दारात उभी, आणि ही बसली एकेक फुगा ताणत. अर्धी पिशवी रिकामी केली. शेठ म्हणाले, "जमनाबेन, घरचंच काम आहे, चालेल."

"शेठ, पोराच्या तोंडावर फुटला तर तुम्हाला चालेल, मला नाही चालणार."

शेठ गाडीत जाऊन बसले. काय करतील?

*

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचा सुपरवायझर दिनकर वाकड्या छपाईचा एक गठ्ठा घेऊन आला, ओरडा खायची तयारी करूनच. जमनाताईने फुगा हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, "चालेल."

दिनकरला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तो गठ्ठा उचलून पळालाच. अर्ध्या तासाने ही स्टुलावरून खाली. डोळे वर, दात घट्ट, हातपाय झाडतायत, तोंडाला फेस. 

मग काय, जो तो डॉक्टर. एकीने कांदा फोडला. एकीने मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबला. तलासरीकडची लाडकी, हे तिचं नावच, हिच्या पायांवर बसली. दिनकरने दातांत चमचा घातला आणि ओरडला, "चप्पल आणा, चप्पल हुंगवा." आता चप्पल कोणाची, यावर दोघी भांडल्या, कारण एकीची नवी होती.

चमच्याने हिचा पुढचा दात अर्धा तुटला. चपलेने काहीही झालं नाही. टेम्पोत घालून दवाखान्यात नेली.

*

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून बघितलं, साखर अठ्ठावीस. सत्तरच्या खाली जाता कामा नये, म्हणाल्या. शिरेतून ग्लुकोज गेलं तशी ही हळूहळू डोळे उघडायला लागली.

बाई आमच्याकडे वळल्या. "फिट यायच्या आधी ही कशी होती? घाम, थरथर, काही वेगळं बोलणं?"

"घाम होता," मी म्हटलं. "पण मे महिन्यात घाम कोणाला नसतो?"

"तेव्हाच साखर का नाही दिलीत?"

दिनकरला रागच आला. "डॉक्टर, तिला शुगर आहे. आम्ही काळजी घेतो तिची. चहाची साखरसुद्धा मी कपाटात कुलूप लावून ठेवली होती."

डॉक्टरीणबाई एक क्षण कपाळाला हात लावून बसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. सुई घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही, तर साखर उतरत जाते, डोकं भरकटतं, फारच उतरली की फिट येते. जमनाताई सहाला सुई टोचून रिक्षा पकडायची आणि भाकरी खायची एक वाजता! वर आपण धडधाकट आहोत हे दाखवायला मधे चहाही घ्यायची नाही. फिट चालू असताना कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं सामान सरकवायचं, धरून दाबायचं नाही, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि लगेच दवाखान्यात आणायचं. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तरच साखरपाणी. पंधरा मिनिटांनी परत टोचून बघायचं.

"आणि चप्पल?" लाडकीने विचारलं.

"चप्पल पायात," बाई म्हणाल्या.

*

चौथ्या दिवशी जमनाताई कामावर हजर. अर्धा दात तसाच. जेवणाच्या सुट्टीत ती रिकाम्या गोण्या पसरून त्यांवर आडवी झाली.

"मला फिट आलीये. करा."

आम्ही हसलो. ती हसली नाही. "हसू नका. मला इथेच काम करायचंय आणि मरायचं नाहीये. करा."

लाडकीने सवयीने कांदा आणला. "रिजेक्ट," ही आडवी पडूनच म्हणाली. दिनकरने पाय धरले. "रिजेक्ट." मी पाण्याचा गडू घेऊन धावले. "तू तर मारशीलच मला. रिजेक्ट."

तीन दिवस रोज आमची परीक्षा. चौथ्या दिवशी आम्ही तिला कुशीवर वळवली, स्टूल सरकवलं, दिनकर घड्याळ बघत उभा राहिला, कोणी तोंडाला हात लावला नाही. ती उठून बसली, पदर झटकला आणि काहीच बोलली नाही. तिने काही न बोलणं म्हणजे पास.

मग तिने टेबलाशेजारी खिळा ठोकून साखरेचा डबा टांगला. रोज दहाला एक केळं खायचं ठरवलं. बोटाला टोचायचं मशीन घेतलं.

*

सासूचा मात्र या सगळ्यावर विश्वास नव्हता. अंगात काहीतरी शिरलंय, असंच तिचं म्हणणं. ती सुनेला घेऊन तलासरीच्या पुढे डोंगरातल्या एका भगताकडे गेली. वाट दाखवायला लाडकी बरोबर.

भगताने तांदळाचे दाणे मांडले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सुई घेतेस?"

"घेते."

"आज खाऊन आलीस?"

"सासूबाई म्हणाल्या, उपाशी जायचं असतं."

भगताने दाणे गोळा केले. कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून ग्लुकोजची पुडी काढून हिच्या हातावर ठेवली. "हे आधी खा. मी पण सुईवालाच आहे." मग सासूकडे बघून म्हणाला, "म्हातारे, हिला उपाशी ठेवलीस तर देव पण काय करील?"

त्या दिवसापासून सासू रोज पहाटे उठून भाकरी थापते, आणि सून खाईपर्यंत समोरून उठत नाही.

*

पण खरी हुशार आमची लाडकी. एका दुपारी जमनाताईच्या हातात चक्क छिद्र पडलेला फुगा होता, बोट आरपार जाईल एवढं. ही तो उजेडासमोर धरून शांतपणे म्हणाली, "चालेल."

लाडकी हातातलं काम टाकून उठली आणि तिने सरळ डबाच आणला.

"काय गं?"

"ताई, तू चालेल म्हणालीस. तू असं म्हणत नाहीस. त्या दिवशी पण म्हणाली होतीस, मग पडलीस."

टोचून बघितलं, एक्कावन्न. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांत बाई जाग्यावर, आणि तोच फुगा उचलून म्हणाली, "हा कोणी पास केला?"

तेव्हापासून फॅक्टरीत नियमच झाला. जमनाताई "चालेल" म्हणाली की माल थांबवायचा आणि साखर आणायची. हाल झाले दिनकरचे. चार वर्षं तो ज्या शब्दाची वाट बघत होता, तो आता ऐकू आला की बिचाऱ्यालाच डबा घेऊन पळावं लागे.

*

नवरात्रात मात्र घोळ झाला. हिने उपास धरला, देवाचा म्हणून सासूनेही भाकरीचा आग्रह धरला नाही. आम्हाला हिने सांगितलं नाही, आणि सुई नेहमीएवढीच घेतली. त्यात सुरतेची पार्टी माल बघायला आलेली. त्यांच्या समोरच ही कोसळली.

या वेळी कोणी ओरडलं नाही. लाडकीने कुशीवर वळवली, मी स्टूल आणि कात्री बाजूला केली, दिनकरने टेम्पो बोलावला आणि घड्याळ धरलं. सुरतेचा माणूस पाण्याची बाटली उघडून धावला, तर लाडकीने त्याचं मनगट पकडलं. "तोंडात काही नाही. तुम्ही भिंतीला उभे राहा." पार्टी भिंतीला उभी राहिली.

दोन मिनिटांत झटके थांबले. दवाखान्यातून ती संध्याकाळपर्यंत घरीही गेली. दात सगळे शाबूत.

पण शेठ घाबरले. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "नलूबेन," ते मला म्हणाले, "मारी फॅक्टरीत तिला काही झालं तर? घरी बसू दे, आराम करू दे."

मी जमनाताईला सांगितलं. ती म्हणाली, "घरी बसले तर चूल पण आराम करील. पोरीचं एक वर्ष राहिलंय. उपासाची चूक माझी, ती परत नाही होणार. पण मी जाणार नाही." हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

*

दिवाळीनंतर एका सकाळी शेठनी तिला ऑफिसात बोलावलं. बरोबर दहा वाजले होते, केळं सोलायच्या आतच. मला साक्षीदार म्हणून बसवलं. कागद टाइप होत होता, प्रिंटर अडकत होता, शेठना फोन येत होते. चाळीस मिनिटं अशीच गेली.

शेवटी कागद आला. शेठनी वाचून दाखवला. तब्येतीच्या कारणाने मी स्वखुशीने काम सोडत आहे, वगैरे. वाचताना त्यांचा आवाज पडलेला.

"जमनाबेन, तुझ्या जिवासाठीच करतो आहे. चालेल ना?"

"चालेल, शेठ."

अगदी शांत. भांडण नाही, काही नाही. पेनही उचललं. मी तिच्याकडे बघितलं, तर एसीत बसून ओठांवर घामाचे थेंब.

मी कागद ओढून घेतला. "शेठ, ही सही घ्यायची नाही."

"अरे, ती स्वतः बोलते आहे, चालेल म्हणून."

"म्हणूनच." मी दार उघडून हाक मारली, "लाडके, ताई चालेल म्हणाली!"

बाहेर मशीन बंद झाल्याचा आवाज आला. लाडकी डबा घेऊन आत, मागून दिनकर बोटाला टोचायचं मशीन घेऊन. टोचलं, चव्वेचाळीस. शेठनी आकडा बघितला आणि स्वतःच्या ग्लासात स्वतः साखर ढवळली. ती प्यायली. आम्ही पंधरा मिनिटं तिथेच उभे, अख्खी फॅक्टरी दारात.

परत टोचलं, ब्याण्णव. जमनाताईने केळं खाल्लं, तोंड पुसलं आणि आमच्याकडे बघितलं. "काय चाललंय इथे? माल कोण बघतंय?"

शेठनी कागद हळूच तिच्यापुढे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला. मग उभी राहिली, दोन्ही हातांनी कडा धरून ट्यूबलाइटसमोर ताणला, नीट बघितला, आणि शेठच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

"रिजेक्ट," ती म्हणाली. "पुढचं आणा."