नावं आधी द्यावी लागतात

आमच्या धंद्यात उन्हाळा थंडीतच उरकावा लागतो. वैशाखात ज्या वाटेनं माणसं पाठीवर बॅगा अडकवून वर जाणार, त्या वाटेचे परवाने पौष-माघात मागायचे. तेव्हा ती वाट बर्फाखाली असते आणि जाणारी माणसं आपापल्या शहरात ऑफिसात बसलेली असतात. राष्ट्रीय उद्यान आहे, रोज ठरावीकच माणसं आत सोडतात. त्यात पर्यटक आले, वाटाड्या आला, ओझं वाहणारे आले, भात शिजवणारा मीपण आलो. फाटकावर वन खात्याचा माणूस एकेकाचं तोंड आणि कागद ताडून बघतो. नाव नसेल तर परत. आणि एकदा दिलेलं नाव बदलत नाही. माणूस आजारी पडला तर त्याची जागा रिकामी जाते, त्या जागी दुसरा चढत नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेला. गाव लातूर जिल्ह्यात, राहणं उत्तराखंडात, ऋषिकेशच्या वरल्या अंगाला. इतक्या लांब कसा आलास म्हणून लोक विचारतात. शाळा सुटल्यावर नांदेडला एका ढाब्यावर लागलो होतो. गुरुद्वाऱ्याला येणारे पंजाबचे जत्थे तिथं जेवायला थांबायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी मला उन्हाळ्यापुरतं हेमकुंडाच्या गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर लंगरात हात द्यायला नेलं. उन्हाळा संपला, जत्था परतला, मी राहिलो. पुढं ट्रेकिंगच्या टोळ्या नेणाऱ्या एका बाईंनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं. सगळे त्यांना दीदी म्हणतात, मीपण म्हणतो. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते कसे फेडावेत ते मला अजून कळलेलं नाही.

माझं लिहिणं बेताचंच. तरी आमच्या माणसांची नावं आणि ओळखपत्रं गोळा करायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. का, तर म्हणाल्या, तुला भीती वाटते म्हणून. ज्याला भीती वाटते तो वेळेवर करतो. खरं आहे ते. माझी स्वतःची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत असतात आणि प्रवासात ती पिशवी बनियनच्या आत असते.

त्या साली थंडीत मी घरी आलो तो आक्काच्या घरी. आईबाप गेल्यापासून माझं घर म्हणजे आक्काचं सासर, शिरूर अनंतपाळच्या बाजूचं एक गाव. मला लहानपणी नांदेडच्या एस.टी.त बसवून दिलं ते तिनंच. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. दाजींच्या शेतात तुरीच्या काड्या उभ्या होत्या, नुसत्या काड्या. विहिरीत बघायला कुणी जात नव्हतं, बघून करायचं काय. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या, पाइपाच्या तोंडाशी कुणाचा हात कुणाच्या केसात जायचा ते सांगता यायचं नाही. आक्काच्या कपाळावर एक खोक होती. कशानं झाली विचारलं तर म्हणाली, "हांड्यानं." कुणाच्या हांड्यानं ते सांगितलं नाही.

पोरं झोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं घरचं काही सांगेल. म्हणाली, "भैय्या, ह्यांला तुझ्यासंगं ने. काय बी काम असू दे. ओझं उचलतेत ते, तुला ठाव हाय."

मी दुसऱ्या दिवशी टाकीच्या कट्ट्यावर चढून, जिथं रेंज येते तिथून, दीदींना फोन लावला. त्या म्हणाल्या, एक हमालाची जागा काढते, तुझ्या शब्दावर. पण उन्हाळ्याचे परवाने पंधरा-वीस दिवसांत टाकायचे आहेत, ओळखपत्राचा फोटो लगेच पाठव.

घरी येऊन मी आनंदानं सांगितलं, की दाजींचं परमिटचं काम होतंय. आक्काची सासू ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, इतकी वर्षं पोरगा डोंगरात देवाच्या वाटेवर हाय म्हणत होता आणि हा परमिट रूमवर हाय व्हय. आमच्या घरात कुणी दारूला शिवलं न्हाई, गळ्यात लिंग हाय, आणि आता जावयाच्या जातीला बाटल्या पुसायला नेतो का. मला हसू येईना. तालुक्यात परमिट हा शब्द एकाच पाटीवर लिहिलेला असतो, तिचा काय दोष. मी समजावलं, की डोंगरात चालायला जायची परवानगी, तिला परमिट म्हणतात. ती आणखीनच बुचकळ्यात पडली.

"चालायला परवानगी?" ती म्हणाली. "पाठीवर वझं घेऊन चालायला? कुणाची?"

"सरकारची."

"मंग आमाला कुणी दिली व्हती?"

दाजी दारात बसून तंबाखू मळत होते. ते हसले. त्या घरात त्या महिन्यात ऐकलेलं ते पहिलं हसणं.

मग मी त्यांचं आधार कार्ड मागितलं, आणि खरी पंचाईत तिथं निघाली. कार्ड काढताना जन्मसाल चुकीचं पडलं होतं. कागदावर आमचे दाजी शाळकरी पोर होते. गावाला हे ठाऊक होतं, हॉटेलात त्यांना बालवर म्हणायचे, बालवर आले, त्यांला दूध द्या. उद्यानात अठराच्या आतला हमाल चालत नाही. मी म्हटलं, शाळेतून दाखला काढू, लातूरला केंद्रावर जाऊ, दुरुस्ती टाकू. दीदींना पावती पाठवली तरी त्या काही करतील.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, दमा जरा. जिल्हा व्हायलाय."

हे मला आधी कळलंच नाही. मग हॉटेलात गेल्यावर कळलं. उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. आपला तालुका त्यात जाणार, मग सगळ्यांची कार्डं नव्यानं निघणार, जिल्हा बदलला म्हणजे पत्ता बदलला, पत्ता बदलला म्हणजे कार्ड बदललं. मग आत्ता कशाला लातूरला जाऊन उन्हात रांग धरायची आणि पुन्हा उदगीरला धरायची? एकाच खेपेत वय, पत्ता, सगळं. त्या हिशेबानं अर्ध्या गावानं कामं ठेवून दिली होती. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं रेशन कार्डातलं सुनेचं नाव. लातूर स्वतः जिल्हा झालं तेव्हा असंच झालं होतं म्हणे, उस्मानाबादचे कागद घेऊन गेलेल्यांना परत पाठवलं होतं. हे सांगणारा त्या वेळचा होता, त्यामुळं त्याला कुणी खोटं पाडत नव्हतं.

त्याच हॉटेलात दुसरी एक बातमी होती, की लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणणार. तिला मात्र सगळे हसले. एकानं विचारलं, मग टीसी पाण्याला तिकीट विचारल का.

मी रोज मागं लागलो. रागानं नाही, मला राग धरता येत नाही, नुसत्या काळजीनं. शेवटी दाजी एकदा गोठ्यात, रिकाम्या दावणीशी उभे राहून खरं बोलले. बैल त्यांनी चाऱ्याच्या छावणीत सोडले होते.

"जिल्हा झाला की हापिसं येतेत," ते म्हणाले. "हापिसाला शिपाई लागतो, वाचमन लागतो. पाण्याचं बघायला माणूस लागतो. मला हितंच कायतरी व्हईल. मी त्या बर्फात येऊन काय करू? तिथं मेलो तर मला मातीत बसवणार कोण?"

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. ज्याला घर सोडायचं नाही त्याला दूर राहणाऱ्यानं काय सांगावं. पण आक्का दाराआड उभी होती, तिनं ऐकलं. रात्री त्या दोघांत काय झालं ठाऊक नाही, सकाळी दाजी शाळेत जाऊन दाखला घेऊन आले आणि म्हणाले, सोमवारी लातूरला जाऊ.

सोमवारी पहाटे मी तयार होऊन बसलो. आक्कानं आम्हा दोघांची भाकरी बांधली. दाजी परसात गेले ते आलेच नाहीत. ऊन वर आल्यावर शेजारच्या पोरानं सांगितलं, उदगीरला जिल्ह्यासाठी मोर्चा आहे, फाट्यावर जीपा लागल्या होत्या, काका त्यात बसून गेले. आक्कानं बांधलेली भाकरी सोडली, पोरांना वाढली. मग हंडा घेऊन टँकरच्या वाटेला गेली, टँकर यायला अजून अवकाश होता तरी गेली.

दाजी दिवस मावळताना आले. घसा बसला होता. खांद्यावर कोऱ्या कापडाचं उपरणं होतं, मोर्च्यात वाटलेलं. चेहरा असा होता की जणू काम झालंच. म्हणाले, लई माणूस व्हता. आता मागं हटत न्हाई सरकार. मी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी कसंतरीच झालं. दोन वर्षांत त्या माणसाला कुठं जाऊन ओरडायला मिळालं नव्हतं.

लातूरला आम्ही त्याच आठवड्यात गेलो, पण केंद्रावर त्या दिवशी मशीन बंद होतं, आणि पुढच्या खेपेला रांग जिन्यावरून रस्त्यावर आलेली. दीदींचा फोन आला तेव्हा आम्ही त्या रांगेत होतो. त्या म्हणाल्या, खिडकी उघडली आहे, सगळ्यांची नावं टाकलीत, तुझ्या माणसाची जागा मी धरून ठेवली आहे, पण संध्याकाळी बंद होईल. पावती मिळते का? मी पुढं जाऊन विचारून आलो. आज नंबर लागणार नाही, उद्या या. त्यांनी मला दुपारी पुन्हा फोन केला, चार वाजता पुन्हा केला. इतकं कोण करतं हो, एका स्वयंपाक्याच्या नातेवाइकासाठी? शेवटी मीच म्हणालो, दीदी, दुसरं नाव टाका. त्यांनी एका नेपाळी हमालाचं नाव टाकलं. मला ते नाव ठाऊक होतं, चांगला माणूस, त्यालाही पोरं आहेत.

दाजी रांगेत माझ्या मागंच उभे होते. मी फोन ठेवला. रांगेतून बाहेर पडून त्यांनी रसवंतीच्या कट्ट्यावर बूड टेकलं आणि म्हणाले, "पुढल्या साली बघू. तवर जिल्हा व्हतोयच."

मी निघालो तेव्हा चैत्र नुकताच लागला होता. त्याच दिवसांत रेल्वे आली. ज्या बातमीला हॉटेल हसलं होतं ती खरी ठरली, पाण्याचे डबे लातूरला लागले, लोकांनी इंजिनाला हार घातले. ते पाणी शहराला. आमच्या गावानं ते टीव्हीवर बघितलं. जिल्हा काही आला नाही.

वर पोचल्यावर मला आक्काचा फोन आला. दाजी हैदराबादला गेले होते. एका गुत्तेदाराच्या बांधकामावर रात्रपाळीचे वाचमन. तिथं कुणी वय विचारलं नाही, कुणी नाव आधी मागितलं नाही. सकाळी गेले, संध्याकाळी कामावर. ती म्हणाली, बरं झालं, बसची सोय हाय, सणाला येतेत. मी फाटकाजवळ तंबूत होतो, बाहेर टोळी बूट बांधत होती. मी पण म्हणालो, बरं झालं.

त्या साली गावाकडं पाऊस पडला. त्याच पावसाळ्यात हैदराबादला अंधारात दाजी लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पडले. खुबा मोडला. गुत्तेदारानं दवाखाना केला, तेवढा केला, आणि बसमध्ये आडवं घालून गावी पाठवून दिलं. सांधा नीट बसला नाही.

पुढच्या थंडीत मी घरी गेलो तेव्हा विहिरीला पाणी होतं, आणि दाजी काठी धरून परसापर्यंत जात होते. तिथून पुढं नाही. शेत दुसऱ्याला बटईनं दिलेलं. माझ्या येण्यामागं काम होतंच, माघ लागला होता, दीदींना नावं कळवायची होती. मी वहीची पानं चाळत बसलो होतो. आक्का चुलीपासून उठून आली आणि तिनं आपलं कार्ड माझ्यापुढं ठेवलं.

"माझं टाक," ती म्हणाली. "हमाल म्हणून न्हाई घेत तर स्वयंपाकाला. शंभर माणसाच्या भाकरी करते मी."

मी सासूकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. मी दाजींकडं बघितलं. ते बाजेवर होते, त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली होती. मी म्हणालो, आक्का, पाच महिने. पोरं? ती म्हणाली, पोरं मोठी हायत, आणि हे हायत घरात. हे हायत, हे तिनं असं म्हटलं की कुणी मान वर केली नाही. मी म्हणालो, एकदा नाव दिलं की मागं येत नाही. ती म्हणाली, "ठाव हाय. म्हणून तर आज देते."

मी बाहेर जाऊन टाकीच्या कट्ट्यावर चढलो. दीदींना तिचं नाव सांगितलं, स्पेलिंग सावकाश सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हणालो, माझी बहीण. त्या म्हणाल्या, कॅम्पच्या स्वयंपाकघरात घेते. मी किती वेळा धन्यवाद म्हणालो ते आठवत नाही.

परत आलो तेव्हा आक्का भाकऱ्या थापत होती. झालं, मी म्हणालो. मग दाजी बोलले, कुणाकडं न बघता.

"तिकडं थंडी लई असती म्हणत व्हता. हिला एक सुटर घ्यावा लागंल."

आक्कानं भाकरी उलटली.