मतलई आली तर

निघताना पिशवीत चार गोष्टी घेतल्या: पाण्याची बाटली, छत्री, सुक्या बोंबलांसाठी दोन जाड पिशव्या आणि मतलईसाठी पाव किलो पेढे. उत्तनची सिसिल भाईंदर पश्चिमेच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. आमची जुनी ओळख. माझी ताई नागपूरला परत जाणार होती आणि तिला बोंबील हवे होते, म्हणून फोन केला. सिसिल म्हणाली, "सकाळची ये. मतलई आली तर देईन. न्हाय आली तर माझंच काय खरं न्हाय." मी समजले, मतलई म्हणजे तिच्या हाताखालची बाई. जिच्यावाचून एवढं अडतंय, तिच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

भाईंदर पूर्वेच्या आमच्या इंद्रलोकहून रिक्षा केली, पूल ओलांडून पश्चिमेला आले आणि उत्तनची बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडत गेली, तशी खिडकीबाहेर इमारतींऐवजी मिठागरं दिसू लागली. थंडीचे दिवस, पण आभाळ भरलेलं होतं. घाईघाईत मी एक थांबा आधीच उतरले. पत्ता विचारायची गरज पडली नाही. वासामागे चालत गेले.

किनाऱ्यावर वलांड्या (मासळी वाळवायच्या बांबूंच्या उंच मांडण्या) उभ्या होत्या. त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. लांबून ती गुलाबी झालर वाटते. जवळ गेल्यावर मात्र झालर हलत नव्हती. हवा चिकट होती. सिसिल एकेक बोंबील बोटांनी दाबून बघत होती.

"दोन दिस असंच ढगाळ," ती म्हणाली. "आज सुकलं न्हाय तर सगळा माल कुटीत जाईल." कुटी म्हणजे मासळीचं खत. मोसमातला तिचा सगळ्यात मोठा माल त्या बांबूंवर होता.

मी विचारलं, "मग मतलईबाई अजून आल्या नाहीत?"

"बाई?"

"नंबर दे, मी फोन लावते. ढिलाई केली की अशी माणसं डोक्यावर बसतात."

शेजारी सिसिलचे सासरे, पास्कूमामा, जाळं विणत बसले होते. हसता हसता त्यांच्या हातातली सुई खाली पडली. "लाव, लाव फोन! सांग तिला, म्हातारा वाट बघतंय, लुगडं नेसत बसू नको!"

मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभी. शेवटी सिसिललाच दया आली. "अगो बाय, मतलई म्हंजे वारा. जमिनीकडशी दर्यात जातो तो. सुका असतो, म्हनून बोंबील सुकतो. समोरशी येतो तो खारा, ओला."

तेव्हा लख्ख आठवलं. खारे वारे, मतलई वारे! भूगोलाच्या पेपरात बाणांची आकृती काढून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

पेढे खाता खाता मामांनी उरलेला धडा घेतला. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलई धरून बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचं. मतलई येते, सुटते, फिरते. "पडली" म्हणजे थांबली.

"आनि आमचा जावय," मामा म्हणाले, "पक्की मतलई हाय. सकालचा दिसतो, दुपारशी गायब."

"मतलबाशी काही संबंध आहे का हो या शब्दाचा?"

"मतलब तुमच्या भाईंदरला," मामा म्हणाले. "आमच्याकडं नुसता वारा."

सिसिलने तांदळाची भाकरी आणि झणझणीत कालवण पुढे केलं. स्वतः मात्र घास घेतला नाही. माझी भाकरी संपत आली आणि मामांनी हात वर केला. नांगरलेल्या होड्यांवरची निशाणं आधी लोंबत होती, ती हळूच समुद्राकडे उडू लागली. मग माझ्या मानेवर गार झुळूक आली.

"आली!" सिसिल उठलीच. झालर सळसळून हलली.

त्यानंतर गप्पा बंद. एकाच जागी सरकलेल्या जोड्या मोकळ्या करायच्या, एकमेकींना चिकटलेल्या सोडवायच्या. मीही लागले कामाला. बोंबलाला दात असतात हे बोटांना कळलं. मतलई टिकली, पण ऊन चढेपर्यंतच. वरच्या रांगा कोरड्या होऊ लागल्या होत्या. जमिनीलगतची रांग वाऱ्याला सापडलीच नाही. सिसिलने ती उतरवली आणि कुटीच्या ढिगावर टाकली.

"वरचं?" मी विचारलं.

"उद्याची मतलई आली तर वाचलं. तुझ्या ताईला सांग, थांब म्हनावं."

माझ्या दोन्ही पिशव्या घडी न मोडता घरी परतल्या. ताईला मी नागपूरचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. ती आधी कुरकुरली, मग गोष्ट ऐकून तिनेही "मतलईबाईं"ना नमस्कार सांगितला.

आमच्या बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे. थंडीत सकाळी तिच्यातून बोचरा वारा येतो, म्हणून मी ती वर्षानुवर्षं बंद ठेवत आले. त्या वाऱ्याला काही नाव असेल, तो पुढे कुठे जात असेल, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खिडकी सताड उघडली. पडदा फडफडत आत आला, तशी मी सिसिलला फोन लावला.

"इथून निघाली गं," मी म्हटलं. "जोड्या मोकळ्या करून ठेव."