खाली पडलेले पेरू

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही होतील, तेवढं समजून घ्यावं.

बारामतीहून इंदापूरला येताना एसटीत शेजारी एक आबा होते, जुन्नरकडच्या डोंगरातले, लेकीकडे निघालेले. टॉवेलात बांधलेला पेरू ते सारखा सोडून बघत होते. त्यात अळ्या होत्या.

“आमच्याकडं थंडी लई, ही फळमाशी कधी नव्हती. आता थंडी सरली, माशी वर आली. निम्मी बाग नासली. तुमच्याकडं ती जुनीच हाय, तुमी काय करता?”

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण हे मला ठाऊक होतं.

“सापळे लावतो. खाली पडलेले पेरू रोज उचलून खोल पुरतो. त्यातच अळी वाढती.”

आबांनी पेरू परत टॉवेलात बांधला. त्यांच्याकडे खाली पडलेलं फळ घरचे उचलत नाहीत, ते वाटसरूचं असतं, असं त्यांनी सांगितलं.

“मग जाणाऱ्यायेणाऱ्यानं काय खायचं?”

“झाडावरचा तोडून द्यायचा.”

“म्हंजे अनोळखी माणसाला हाक मारावी लागंल,” ते कसनुसं हसले. “तेच आमाला जमत न्हाय.”

इंदापूर आलं. उतरताना त्यांनी घरी फोन लावला.

“सूनबाई, खालचं समदं पुरून टाका. आन् वाटंनं कुणी चाललं, तर हाक मारून थांबवा त्याला, झाडावरचा तोडून द्या.”